ओलं कापड खोटं बोलतं

लॉन्ड्रीत तिला सगळे पावडरमावशी म्हणायचे. तोंडाला फासायची म्हणून नव्हे हां, तेवढी सवड त्या बाईला आयुष्यात मिळाली नाही. तिची पावडर कपड्यांसाठी. तेलाचा डाग घेऊन कुणी आलं की खाली जुना टॉवेल घालायचा, वरून डब्यातली पावडर भुरभुरायची, आणि मग गप्प बसायचं. तेल आपणहून पावडरीत चढतं. लोकांना मात्र धीर कुठला! जेवताना शर्टावर तेल सांडलं की धावले नळाकडे. चोळचोळ चोळतात आणि मग काउंटरवर येऊन फुशारकीनं सांगतात, "मी लगेच पाण्यानं धुतला बरं का!" मावशी कपाळावर हात मारायची. "धुतला नाही, वाढवला. तेलाचं आणि पाण्याचं कधी पटलंय? त्यांच्या भांडणात तुमचा शर्ट गेला."

ही विद्या ती शिकली घरातच. नवरा गॅरेजात मिस्त्री. लग्नात तिला नवरा मिळाला आणि नवऱ्याबरोबर ग्रीस मिळालं. संध्याकाळी घरात शिरायचा तो निम्मा माणूस आणि निम्मं इंजिन. सुरुवातीला ती रडली, चिडली, त्याच्या पँटी दगडावर आपटून आपटून फाडल्या. मग हळूहळू कळायला लागलं, की डागाला जोर नको, वेळ हवा. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कापडाच्या उलट्या बाजूनं, कडेकडून मधे. मधून कडेला गेलात की पसरलाच म्हणून समजा. धाकट्या दिरानं लॉन्ड्री काढली तेव्हा पहिलं माणूस बोलावलं ते वहिनीला, आणि खिडकीजवळचं टेबल तिला दिलं. तेव्हापासून ते टेबल तिचं. दुसऱ्या कुणी त्याच्यावर नुसती पिशवी ठेवली तरी ती डोळे वटारायची.

आणि तिचा एक शब्द होता. "दाबा."

त्याचं असं आहे, की तेलाचा डाग जरासा जरी राहिला आणि वरून गरम इस्त्री फिरली, की संपलं. जन्माचा चिकटतो. म्हणून कपडा आधी पूर्ण वाळवायचा. ओल्या कपड्यावर डाग लपून बसतो, वाळला की वर येतो. "ओलं कापड खोटं बोलतं," ती म्हणायची, "त्याला वाळवा आणि मग विचारा." वाळलेला कपडा ती खिडकीच्या उजेडात धरायची, उलटसुलट बघायची, आणि मग म्हणायची, "दाबा." त्याआधी इस्त्री टेकवायची नाही, हा त्या लॉन्ड्रीचा कायदाच होता.

इस्त्रीवर असत गरममामा. नाव गरम आणि माणूस थंडगार. दिवसभर वाफेत उभा असलेला हा गृहस्थ "हूं" च्या पुढे बोलायचा नाही, म्हणून मालकानंच चेष्टेनं ठेवलेलं नाव. डागाचा कपडा फळीवर आला की मामा इस्त्री वर धरून मावशीकडे बघत. "दाबा" ऐकलं की इस्त्री खाली. इतकी वर्षं दोघांचं एवढंच बोलणं, पण नवरा-बायकोत नसेल इतका विश्वास.

तर त्या विश्वासालाच कीड लागली होती, आणि ते फक्त मावशीला ठाऊक होतं.

सुरुवात झाली घरातल्या बल्बपासून. "अहो, हा पिवळा बल्ब कशाला आणलात?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो हसायला लागला. "पिवळा कुठला? पांढराफेक आहे. डोळ्यांत तेलबिल गेलंय का तुझ्या?" तीही हसली आणि विसरून गेली. मग एक शर्ट परत आला. पांढरा, खिशाखाली तेलाचा पिवळा डाग, इस्त्रीनं पक्का केलेला. गिऱ्हाईक काउंटरवर आरडाओरडा करून गेलं आणि मालक आत येऊन गरममामांवर घसरला. "मामा, इथं काय आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय? माझ्या वहिनीचं काम असं नसतं! तुम्ही तिला न विचारताच फिरवली ना इस्त्री?" मामांनी एकदा मावशीकडे बघितलं. "हूं," म्हणाले आणि पुढचा कपडा घेतला.

तिनं "दाबा" म्हटलं होतं. तिला चांगलं आठवत होतं. सगळे गेल्यावर तिनं तो शर्ट खिडकीत नेला, खिशाखाली बोट ठेवलं आणि बघितलं. काही नाही. सगळ्यांना दिसणारा डाग तिला दिसत नव्हता. तेव्हा तिला उमगलं. बल्ब पिवळा नव्हता, तिची नजरच पिवळी झाली होती. माणसं ओळखू यायची, रस्ता दिसायचा, सुईतसुद्धा दोरा जायचा. फक्त फिकट पिवळं तेवढं पुसलं गेलं होतं. आता सांगा, डाग काढणाऱ्या बाईचं पोट चालतं कशावर? त्या फिकट पिवळ्यावरच!

मग सांगितलं का नाही कुणाला? अहो, सांगते कशी? पूर्वी मशीनवर एक धुलाईकाका होते. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मालकानं त्यांना मागच्या अंधाऱ्या भिंतीशी, घडीच्या टेबलावर बसवलं. "आराम करा काका, नुसत्या घड्या घाला." थोड्याच दिवसांत काका घरी. लॉन्ड्रीत तेव्हापासून म्हणच पडली होती, 'आधी घडीला, मग घरी.' मालक वाईट नव्हता. पण धंदा तो धंदा, आणि दीर झाला म्हणून काय जन्मभर खिडकी देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं ठरवलं. डोळ्यांचं काम बोटांना दिलं. तेल राहिलं असेल तर कापड बोटाला किंचित बुळबुळीत लागतं, नाकाशी धरलं तर वास येतो. प्रत्येक कपडा ती दोनदा-दोनदा साबणातून काढायची, आणि तरी "दाबा" म्हणायच्या आधी पुन्हा एकदा बोट फिरवायची. मामांच्या डोळ्याला डोळा देणं तिनं सोडूनच दिलं होतं.

अशात एके दिवशी सकाळी शिंपीण धावत आली.

शिंपीण म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, मावशीची जुनी मैत्रीण. तोंडानं फटकळ, हातानं सोन्यासारखी. पण त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं छातीशी धरलेलं गाठोडं मावशीच्या टेबलावर सोडलं. आत क्रीम रंगाचा रेशमी पोशाख, खाली मोठा घेर.

"मेले गं बाई मी," ती म्हणाली. "उद्या सकाळी एका मुलीचं लग्न आहे, हे घालून उभी राहायची आहे ती. संध्याकाळी न्यायला येतील. कापड तिच्या आईनं वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं. आई आता नाही. दुसरं आणायचं म्हटलं तर कुठून आणू?"

"झालं काय ते सांगशील?"

"मशीन कुरकुरत होतं. तेल घातलं."

"आणि चिंधीवर टीप मारली नाहीस!"

शिंपीण खाली बघायला लागली. मशीनला तेल घातलं की आधी टाकाऊ चिंधीवर टीप मारायची, उरलेलं तेल चिंधीला प्यायला द्यायचं आणि मगच कामाचं कापड सुईखाली घ्यायचं, हे ती शिकायला येणाऱ्या पोरींना कान धरून सांगायची. "शेवटचा काठ राहिला होता गं. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय! जुनं पिवळं पडलेलं तेल, सुईवरून घळघळलं. हे बघ. हे, आणि हे."

मावशीनं बघितलं. शिंपिणीचं बोट दिसलं, कापड दिसलं. डाग दिसला नाही.

"दिसला ना?" शिंपिणीनं विचारलं.

"दिसला," मावशी म्हणाली. तोंडातून गेलंच. मग घाईघाईनं म्हणाली, "कच्च्या टाक्यांनी रिंगण घाल दोन्हींभोवती. ओलं केलं की जागा हरवते." हे खरंही होतं, म्हणून शिंपिणीला काही वावगं वाटलं नाही. तिनं सुई काढली आणि लाल दोऱ्यानं दोन रिंगणं घातली. मावशीला देव पावल्यासारखं झालं. निदान कुठं हात चालवायचा ते तरी आता कळत होतं.

मालकानं दारातून डोकं आत घातलं. "वहिनी, लग्नाचं काम आहे. डोळ्यांत तेल घालून बघा हां."

"तेच बाहेर काढतेय," मावशी म्हणाली. सगळे हसले. ती डब्याचं झाकण काढायला वळली.

तिनं पावडर टाकली. शिंपीण एका जागी बसेना. उठ, बस, खिडकीपाशी जा, परत ये. "झालं असेल का गं?" "आता बघू का?" मावशी म्हणाली, "तू जा आणि दुकान उघड." पण ती कसली जातेय! पावडर झटकून दुसरी टाकली, ती झटकून तिसरी. मग पोशाख उलटा केला, साबणाचा थेंब पाण्यात फेटला आणि मऊ फडक्यानं रिंगणाच्या कडेकडून मधे, टिपत टिपत. रेशमाला घासलंत की त्याची चकाकी जाते, म्हणून नुसतं टिपायचं. थंड पाण्यानं साबण काढला, टॉवेलात दाबून पाणी शोषलं आणि पोशाख पंख्याखाली टांगला. पुरता वाळेपर्यंत दुपार कलली. खिडकीतला उजेड उतरायला लागला होता, आणि ट्यूबलाइटमध्ये डाग बघायचा नाही हाही तिचाच कायदा.

वाळल्यावर तिनं रिंगणांत बोट फिरवलं. कोरडं, रेशमी. नाकाशी नेलं. साबणाचा वाससुद्धा नाही. शिंपिणीनं डोकावून रिंगणांत बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "गेला गं! दोन्हीकडचा गेला! बाई, तुझे हात आहेत की काय आहे!" तिनं दातांनी लाल दोरा तोडून काढून टाकला. पोशाख फळीवर गेला. बाहेर काउंटरवर मुलीकडची माणसं येऊन बसली होती, मालक त्यांना चहा देत होता. गरममामांनी इस्त्री उचलली, वर धरली आणि मावशीकडे बघितलं.

दोन अक्षरं. दोन अक्षरं म्हटली की सुटली.

पण एक गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती. शिंपिणीनं दोन डाग दाखवले, ते तिनं काढले. पण दाखवलेलेच डाग काढायचे असते तर मावशीची गरज काय होती? तिचं खरं काम त्यापुढचं. गिऱ्हाइकाला एक दिसतो, तिला तीन दिसायचे. पूर्ण कपड्यावरून नजर फिरवायची आणि न सांगितलेला डाग शोधायचा, हे तिचं काम. आणि काठ शिवताना कापड दुमडलेलं असतं. तेल वरच्या पदरातून खालच्या पदरात उतरलं नसेल कशावरून? सगळा घेर बोटांनी चाचपायचा म्हटलं तर रात्र होईल. नजर टाकली तर क्षणाचं काम, आणि नजर तर नव्हती.

"मावशी?" मामा म्हणाले. हूं सोडून दुसरा शब्द बोलले, म्हणजे बघा.

म्हटलं "दाबा" आणि डाग नसला, तर खिडकी राहील. असला, तर ती पोरगी उद्या आईच्या कापडावर तेलाचा पक्का डाग घेऊन सगळ्यांसमोर उभी राहील. शिंपिणीचं नाव जाईल. आणि शिव्या? शिव्या पुन्हा मामाच खातील, आणि पुन्हा "हूं" म्हणतील. त्या "हूं"ची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"थांबा," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

"उजेड कमी आहे म्हणून..." शिंपीण म्हणाली.

"उजेड आहे. मलाच दिसत नाही. पिवळं दिसत नाही मला. तू सकाळी दाखवलेस ते डागही दिसले नव्हते." मालक नेमका तेव्हाच आत आला होता. त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "भाऊजी, तो परत आलेला शर्ट. मामांनी न विचारता दाबला नव्हता. मी दाबा म्हटलं होतं."

मामांनी इस्त्री जागेवर उभी केली. मालकानं एकदा बाहेर, एकदा फळीकडे बघितलं. "वहिनी, अहो पण... बाहेर माणसं बसलीत!" एवढंच त्याला सुचलं.

"म्हणूनच सांगतेय. बये, उचल तो पोशाख. खिडकीत ने. सगळा घेर बघ, आतून, बाहेरून, दुमडीत. सावकाश बघ."

शिंपिणीनं पोशाख उचलला. तिनं एक हात घेर बघितला, दुसरा हात बघितला, काठ उलटा केला, आणि "अगं आई गं" म्हणून मटकन खाली बसली.

"आहे?" मावशीनं विचारलं.

"आहे. खालच्या पदराला. चांगला चण्याएवढा आहे."

म्हणजे इस्त्री टेकली असती तर! मावशीचे हात आपोआप पावडरीच्या डब्याकडे गेले. "बोट ठेव त्याच्यावर. हलवू नकोस. तुझं बोट मला दिसतंय." शिंपीण बोट ठेवायची, मावशी पावडर टाकायची. शिंपीण म्हणायची "अजून", मावशी झटकून पुन्हा टाकायची. "कडेनं आले का मी?" "जराशी डावीकडे. हां." दोघी एका टेबलावर वाकलेल्या, डोळे एकीचे आणि हात दुसरीचे. मालक बाहेर जाऊन माणसांना सांगून आला की शेवटचा हात राहिलाय, आणखी एक चहा घ्या. परत येऊन तो दारात उभा राहिला. मावशीला त्याच्याकडे बघायचं धाडस होईना. "भाऊजी, मला घडीला बसवायचं असेल तर उद्या बसवा. आता टॉवेल द्या."

त्यानं टॉवेल दिला. "आधी हे निभवा," तो म्हणाला. "मग तुमच्या डोळ्यांचं बघतो. आणि शर्टाचंही." आवाजावरून राग होता की काळजी, काही कळेना. मग त्यानं गरममामांकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेला.

मामा स्वतः पंखा उचलून जवळ घेऊन आले. तिघंही त्या ओल्या जागेकडे बघत बसली. ओलं कापड काही सांगणार नव्हतं. खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत कपाटाच्या वर गेला. शिंपीण दर घडीला वाकायची आणि मावशी तिला मागे ओढायची. "वाळू दे म्हणते ना!"

शेवटी वाळलं. शिंपिणीनं खिडकीला नाक लावून बघितलं. उलटं बघितलं, सुलटं बघितलं.

"गेला," ती म्हणाली.

"नीट बघ."

"गेला म्हणते ना! मामा, तुम्ही बघा."

मामांनी बघितलं. "हूं," म्हणाले.

मावशीनंही बघितलं. स्वच्छ, डागाचा मागमूस नाही. पण मघाशी डाग होता तेव्हाही ते तिला असंच स्वच्छ दिसलं होतं. डाग असलेलं आणि नसलेलं कापड तिच्यासाठी आता एकच होतं. तिनं बोट फिरवलं, वास घेतला. बोटं बरोबर म्हणत होती. पण डोळ्यांनी जिला एवढी वर्षं साथ दिली ती बाई बोटांवर कशी समाधान मानणार?

पोशाख फळीवर आला. मामांनी इस्त्री उचलली आणि वर धरली. शिंपीण समोर होती, डाग तिनं बघितला होता. मालक परत दारात आला होता, लॉन्ड्री त्याची होती. मामांनी दोघांकडेही बघितलं नाही. ते नेहमीसारखे मावशीकडे बघत राहिले.

"अहो, मला काय विचारता?" ती म्हणाली. "मला दिसत नाही, सांगितलं ना."

"हूं," मामा म्हणाले. इस्त्री तशीच वर.

मावशीनं शिंपिणीचा हात पकडला. त्या शर्टाच्या वेळी आपल्याला दिसतंय अशा समजुतीत ती म्हणाली होती. आज दिसत नाही हे पक्कं माहीत असताना म्हणाली,

"दाबा."